नवीन ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की पुढच्या सिरीजसाठी थांबावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जीटीएक्स १६६० सुपर आहे, सोबत रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आणि १०८०पी चा १४४ हर्ट्झ मॉनिटर. रोज रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन शूटर आणि वर्षातून दोन-तीन मोठे स्टोरीवाले गेम. अलीकडचा एक मोठा गेम टाकला तर ४० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) येतो आणि मधेच झटके बसतात. पैसे जमलेत, पण एक मित्र म्हणतो पुढची सिरीज येऊ दे, दुसरा म्हणतो आत्ताच घे नंतर महाग होईल, आणि या दोघांच्या भांडणात तुमचे आठ महिने गेले.

ते आठ महिने वाचूनच लिहायला बसलो. कारण प्रश्न "आत्ता की नंतर" असा दिसत असला तरी खरी भीती वेगळी आहे, आज घेतलं आणि महिन्याभरात त्याहून भारी काही आलं तर आपण मूर्ख ठरू ही. मी बरीच वर्षं गेमिंग पीसी जोडतोय, दुरुस्त करतोय, आणि हे सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटतं. पण तुम्ही घेतल्यावर कधी ना कधी भारी काहीतरी येणारच आहे, ते काही टळत नाही. म्हणून मी बाजाराकडे बघायच्या आधी स्क्रीनकडे बघतो. कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर, किती एफपीएसला नकोसा होतो हे एका वाक्यात सांगता आलं तर खरेदीची वेळ जवळ आली समजा. "आता जुनं झालंय यार" एवढंच सांगता येत असेल तर नाही आली.

आता हे सगळं माणसावर अवलंबून आहे हे आधीच कबूल करतो. कुणाला ४५ एफपीएसवर पॅड हातात घेऊन निवांत खेळता येतं, कुणाला ९० च्या खाली डोळ्यांना त्रास होतो. कुणी आठवड्याला तीन तास खेळतं, कुणी तीस. कर्ज काढून घेणार असाल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा, थांबा. तुमचे पैसे जमलेले आहेत म्हणताय म्हणून पुढे लिहितो.

सगळ्यात आधी अपराधी कार्डच आहे का ते बघा. याला अर्धा तास लागतो आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निदान तिघांचं घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं. जो गेम अडकतो तो उघडा, जिथे हमखास अडकतो अशी जागा पकडा, गर्दीचा चौक, जंगल, काहीही, आणि तिथे सेव्ह करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनवर एफपीएससोबत चार गोष्टी दिसतील असं करा, जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर टक्क्यात, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरलाय, प्रोसेसरचा प्रत्येक कोअर वेगवेगळा, आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख. एफपीएसचा आकडा लिहून ठेवा. मग बाकी सेटिंग तशाच ठेवून फक्त रिझोल्यूशन ७२०पी करा आणि त्याच जागी परत उभे राहा. ४२ चे ७० झाले तर कार्ड दमत होतं. ४२ चे ४५ झाले तर कार्डावरचं ओझं कमी करूनही काही हललं नाही, म्हणजे प्रोसेसर नाहीतर रॅम मागे ओढतेय, आणि तिथे कितीही मोठं कार्ड टाका, तेच ४५.

तुमच्या बाबतीत गंमत अशी आहे की दोन्ही उत्तरं एकाच पीसीवर मिळतील असं मला वाटतंय. मोठ्या स्टोरी गेममध्ये कार्ड कमी पडत असणार. पण रोजचा ऑनलाइन शूटर तुम्ही नक्की लो सेटिंगवर खेळत असणार, सगळेच खेळतात, आणि तिथे १४४ गाठायला बहुतेक वेळा प्रोसेसर कमी पडतो. म्हणजे नवीन कार्ड आणलं की वर्षातले दोन-तीन गेम सुंदर चालतील आणि रोज रात्रीचा गेम होता तसाच राहील. हे आधी माहीत असलं तर चालतं, नंतर कळलं तर फार टोचतं.

एक किस्सा सांगतो. एक मुलगा आख्खा पीसी उचलून घेऊन आला, आठवड्यापूर्वी नवीन कार्ड टाकलेलं, चांगलं दणकट, आणि गेम पूर्वीसारखाच चालतोय अशी तक्रार. बघितलं तर जीपीयूचा वापर ४५ टक्के. कॅबिनेटची बाजू उघडली तर चार स्लॉटमध्ये १६ जीबीची एकच स्टिक, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद, म्हणजे ३२०० ची रॅम २४०० वर चाललेली. माझ्याकडची तशीच दुसरी स्टिक लावली, एक्सएमपी चालू केलं, आणि जिथे ७२ येत होते तिथे ९५ आले. पोरगा एकदम गप्प झाला. त्याने कार्ड चुकीचं घेतलं नव्हतं, फक्त आधी घेतलं होतं. तुमची १६ जीबी एका स्टिकची आहे की आठ-आठच्या दोन, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरंच १४४ वर आहे ना तेही बघा, हसू नका, ६० वर वर्षभर चालवलेले लोक मी पाहिलेत. कार्ड सोडून मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावणारे पण पाहिलेत, पण ३६०० मध्ये आत ग्राफिक्सच नाही म्हणून त्या चुकीतून तुम्ही आपोआप सुटलात.

दुसरं, कार्ड साफ आहे का? १६६० सुपर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. सुरुवातीलाच घेतलं असेल तर एव्हाना थर्मल पेस्ट वाळलेली असणार. असंच एक कार्ड उघडलं होतं, हीटसिंक काढताना कर्र आवाज आला, आणि चिपवरची पेस्ट नखाने खरवडली तर चुन्यासारखी भुकटी पडली. पंख्यांच्या पात्यांवर धुळीची साय. साफ करून नवीन पेस्ट लावल्यावर तापमान ८४ वरून ७१ वर आलं. एफपीएस पाचच वाढले हो, त्यात काही जादू नाही, पण पंखे शांत झाले आणि मालक म्हणाला आता राहू दे हेच. म्हणजे त्याला कंटाळा आवाजाचा आला होता आणि त्याला वाटत होतं कार्ड म्हातारं झालं.

समजा हे सगळं केलं आणि कार्डच कमी पडतंय हे नक्की झालं. आता किती मोठी उडी मारली तर पैसे वसूल? इथे टक्क्यांपेक्षा मिलिसेकंद बघा. ४० एफपीएस म्हणजे एक फ्रेम २५ मिलिसेकंदात, ५० म्हणजे २०, ६० म्हणजे साधारण १६.७. ४० चे ५० झाले तर कागदावर २५ टक्के, प्रत्यक्षात पहिल्या दिवशी छान वाटतं आणि चौथ्या दिवशी विसरायला होतं. माझा स्वतःचा नियम असा की आहे त्या कार्डाच्या निदान पावणेदोन पट मिळत नसेल तर पाकीट उघडायचं नाही, दुप्पट मिळालं तर उत्तम. आणि ही तुलना स्वतःच्या रिझोल्यूशनला करायची. १४४०पी मध्ये १०८०पी च्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त पिक्सेल असतात आणि ४के मध्ये बरोबर चौपट, त्यामुळे ४के वर मोठा फरक दाखवणारं कार्ड १०८०पी वर प्रोसेसरला टेकून बसलेलं असू शकतं. उलटंही खरं, वर्षभरात १४४०पी मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच त्या हिशोबाने कार्ड बघा, नाहीतर दोनदा खर्च.

आणि एक कृपा करा, कंपनीच्या आलेखांवर जाऊ नका. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० दाखवताना ४०९० इतका परफॉर्मन्स म्हणून सांगितलं, ते फ्रेम जनरेशनने मधे घातलेल्या फ्रेम धरून. फ्रेम जनरेशन वाईट नाही, मुळात ६० च्या आसपास येत असतील तर चित्र मस्त गुळगुळीत होतं. पण मुळात ३० येत असताना ते लावलं तर आकडा ९० दिसतो आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो, कारण तुमचा हात अजून त्या ३० वरच चाललाय. म्हणून चाचणी बघताना अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणून मोठं करणं) आणि फ्रेम जनरेशन दोन्ही बंद असलेला आकडा शोधा, आणि सरासरीच्या शेजारी एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा आकडा, लिहिलेला असतो तो आधी वाचा. झटके तिथे दिसतात.

झटक्यांवरून आठवलं, तुमचा खरा आजार मला व्हीरॅमचा वाटतोय. १६६० सुपरला ६ जीबी आहे. गेमला त्याहून जास्त लागलं की उरलेलं सामान साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या, रस्त्याने आणावं लागतं. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबी देते, आणि तुमच्या बोर्डचा पीसीआय ३.० चा सोळा लेनचा रस्ता देतो जेमतेम १६ जीबी. वीस पटीने अरुंद बोळ आहे हा. कॅमेरा वळवला की जो झटका बसतो ना, तो त्या बोळातली गर्दी. खात्री करायची तर फक्त टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची सेटिंग) एक पायरी खाली आणा, बाकी कशालाही हात लावू नका. सरासरी एफपीएस तेवढाच राहून झटके गेले तर समजा व्हीरॅमच. मग तात्पुरतं तसंच खेळा, आणि वर एफएसआर (एएमडीचं अपस्केलिंग) क्वालिटीवर टाकून बघा, तुमच्या कार्डावर चालतं ते. १०८०पी ला आतून ७२०पी होतं त्यामुळे लांबची झाडं जरा खदखदतात, पण फुकट आहे.

हळूहळू मंद होणं एक आणि दार बंद होणं दुसरं. मंद होण्यावर सेटिंग कमी करून दोन वर्षं काढता येतात. दार बंद झालं की काही चालत नाही. २०२४ च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्सचा गेम आणि २०२५ च्या मे मधला डूम द डार्क एजेस, दोन्हींना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे खास युनिट कार्डात असणं) लागतंच, किमान गरजेत आरटीएक्स २०६० सुपर नाहीतर एएमडीचं आरएक्स ६६०० लिहिलंय. तुमच्या १६६० मध्ये ते युनिटच नाहीत, लो सेटिंगचा इथे काही उपयोग नाही. असे गेम अजून कमी आहेत पण वाढणार आहेत. ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तसंच, जीटीएक्स १० सिरीजला २०२५ च्या ऑक्टोबरनंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झाले, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. तुमचं कार्ड त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीतलं म्हणून त्यात आलं नाही, पण रांगेत पुढचं तेच आहे. तुमच्या खेळायच्या यादीतला एखादा गेम या बंद दाराच्या पलीकडे असेल तर "थांबू का" हा प्रश्नच मला कळत नाही.

आता बाजार. नवीन सिरीज साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येते, २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि मग २०२५ च्या सुरुवातीला. पण तुमचा मित्र जे विसरतो ते असं की आधी येतात वरची महागडी कार्डं. ४०९० आलं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि बहुतेक लोक घेतात ते ४०६० आलं २०२३ च्या जूनमध्ये. ५०९० जानेवारी २०२५ आणि ५०६० मे २०२५. म्हणजे "नवीन सिरीज येतेय" ही बातमी मधल्या बजेटवाल्याला लागू व्हायला वर आणखी चार ते आठ महिने. त्यानंतरही सुरुवातीला माल कमी आणि भाव चढा. आणि एवढं थांबून उडी मोठीच मिळेल असंही नाही. ३०६० टीआय ला २५६ बिटचा मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) होता, ४०६० टीआय ला १२८ बिट, आणि गेममधला फरक इतका किरकोळ की जुनंवालं असलेल्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ३०६० ला १२ जीबी व्हीरॅम होती आणि त्याच्या पुढच्या पिढीच्या ४०६० ला ८. नंबर वाढला, मेमरी घटली!

माझाच शहाणपणा ऐका. २०२० च्या ऑगस्टमध्ये मला वाटलं ३० सिरीज येतेय, जुन्या कार्डांचे भाव पडणार, त्याआधी विकून टाकू. विकलं, चांगले पैसे आले, मित्रांना फुशारकीने सांगितलं. सप्टेंबरमध्ये सिरीज आली आणि मिनिटाभरात संपली, मग मायनिंगवाले, म्हणजे कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे, सुटले, आणि मी विकलेलं तेच जुनं कार्ड काही महिन्यांनी दीडपट भावात विकायला लागलेलं दिसलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी. दुसऱ्यांचे पीसी जोडणारा मी, स्वतः सात महिने एका भंगारातल्या २ जीबीच्या कार्डावर दिवस काढले. ते सगळं निवळलं कधी तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंग बंद केलं तेव्हा. म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राचं, नंतर महाग होईल म्हणणाऱ्याचं, अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव कसे उडाले ते बघितलंच असेल, कार्डावरची मेमरी त्याच दोन-तीन कंपन्या बनवतात. थांबलं की स्वस्त होतं हा जुना नियम आता डोळे झाकून धरता येत नाही. महाग होईल म्हणून घाबरून घेणं पण चूकच, पण त्याला कारण वेगळं, गरज नसताना घेतलेलं कार्ड पहिल्या दिवसापासून जुनं व्हायला लागतं.

मी काय करतो, तर तुम्हाला ज्या बजेटमध्ये घ्यायचंय त्याच बजेटच्या नव्या कार्डाची तारीख अधिकृत जाहीर झालेली असेल आणि ती दोन महिन्यांच्या आत असेल तर थांबतो. नुसत्या अफवेवर थांबत नाही. बस्स, कॅलेंडरला मी एवढाच मान देतो.

आता तुमच्या पीसीचं. बी४५० बोर्ड म्हणजे पीसीआय ३.०. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय ही सगळी आठच लेन वापरतात, म्हणजे वर सांगितलेला बोळ तुमच्याकडे आणखी अर्धा होतो. व्हीरॅम पुरतो तोवर फारसं जाणवत नाही, पण ८ जीबीचं मॉडेल घेतलं आणि ते भरलं की परत तेच झटके, तेही नव्या कार्डावर. म्हणून तुमच्यासारख्याला ८ जीबी नकोच, १६ जीबीचं बघा. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी पूर्ण सोळा लेन वापरतं म्हणून अशा जुन्या बोर्डवर मला ते जास्त आवडतं, ५०६० टीआय १६ जीबी पण चालेल, डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) हवं असेल तर तेच. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर भारी सौदा वाटतो पण त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो आणि ३६०० सारख्या प्रोसेसरवर ते मागे पडतं, ते नको. याहून वरचं कार्ड ३६०० ला जोडण्यात अर्थ नाही. सेकंडहँडला माझा विरोध नाही, मायनिंगवर चाललेलं कार्ड म्हणजे मेलेलं असंही नाही, फक्त समोर अर्धा तास गेम चालवून दाखवत नसेल तर सोडून द्या.

क्रम असा लावा. या शनिवार-रविवारी ७२०पी ची आणि टेक्श्चरची चाचणी, रॅमच्या स्टिक मोजा, एक्सएमपी बघा. आकडे माझ्या अंदाजासारखे आले तर तुमचं उत्तर आत्ता घ्या असंच आहे, पावणेदोन पटीच्या वर सहज जाताय. रोजच्या शूटरसाठी मात्र नंतर कधीतरी त्याच बोर्डवर बसणारा एक्सथ्रीडी (जास्त कॅशे मेमरीचा रायझन) प्रोसेसर मिळाला तर तो बघा, ते काम कार्डाचं नाही. १६६० लगेच विकू नका, नवीन कार्ड दोन आठवडे नीट चालू दे, बदलून द्यायची मुदत आहे तोवर त्याला रोज तापवा.

राहिला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीये. १६६० सुपर १२५ वॅट घेतं, मी सांगितलेली दोन्ही १६० ते १८० वॅटच्या घरात जातात. कॅबिनेट उघडाल तेव्हा एसएमपीएसच्या बाजूचा स्टिकर वाचा, १२ व्होल्ट असं लिहिलेल्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते आणि आठ पिनची केबल आत मोकळी आहे का, एवढं लिहा. ते कळल्याशिवाय कुठलंच कार्ड मागवू नका.